तुकड्यांतून चित्रपट

(चित्रपट आपण सगळेच पाहतो. पडद्यावर नट दिसतात, गाणी ऐकू येतात. पण शेकडो तुकडे जोडून चित्रपट सलग करणारा माणूस पडद्यावर कधी दिसत नाही. या पाठात त्याच्या कामाची ओळख करून दिली आहे. उदाहरणे शक्य तेथे आपल्या गावातली आणि आपल्या जिल्ह्यातली घेतली आहेत.)

इचलकरंजीत राहणाऱ्याला जोड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. यंत्रमागावर कापड विणले जात असताना उभ्या धाग्यांपैकी एखादा धागा तुटतो. विणकर माग थांबवतो, तुटलेली टोके शोधतो, चिमटीत धरून गाठ मारतो, धागा फणीतून ओढून घेतो आणि माग पुन्हा सुरू करतो. गाठ चांगली बसली असेल तर ती कापडावर दिसत नाही. गिऱ्हाईक कापड उजेडात धरून पाहते आणि ते सलग आहे असे समजते. चित्रपटाचेही असेच आहे. तो सलग दिसतो, पण सलग नसतो.

‘जोड’ हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे. चित्रपटाच्या जोडकामाला मात्र मराठीत ‘संकलन’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘संकलक’. ग्रंथाच्या बाबतीत उर्दूत आपण ‘तदवीन’ म्हणतो, त्याच्या जवळचा हा शब्द. विखुरलेले गोळा करणे, निवडणे, क्रम लावणे आणि नको ते वगळणे ही सगळी कामे त्यात येतात.

आता शॉट म्हणजे काय ते पाहू. कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जे एकसलग चित्रण होते, तो एक शॉट. तो दोन सेकंदांचा असेल, नाहीतर दोन मिनिटांचाही. पूर्वी हे चित्रण फिल्मवर होत असे. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात आणि बोलपटात दर सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून जातात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. अडीच तासांच्या चित्रपटाला १३,५०० फूट फिल्म लागली. एवढी फिल्म रस्त्यावर उलगडली तर चार किलोमीटरच्या पुढे जाईल. आणि ही झाली फक्त अखेरीस ठेवलेली फिल्म. चित्रित केलेली याच्या कितीतरी पट असते.

अगदी सुरुवातीच्या चित्रपटांत जोड नव्हताच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चलत्‌चित्रपट दाखवले गेले, तेव्हा प्रत्येक चित्रपट म्हणजे एकच शॉट होता. स्टेशनात गाडी येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, संपले. कॅमेरा एका जागी उभा, फिल्म संपली की चित्रपट संपला. लोकांना तेवढ्याचेही नवल वाटले. पण त्यातून गोष्ट सांगता येत नव्हती. गोष्ट सांगायची तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावे लागते, दिवसाची रात्र व्हावी लागते, आणि त्यासाठी एक तुकडा दुसऱ्या तुकड्याला जोडावा लागतो.

आपल्या देशात हे काम करून दाखवले दादासाहेब फाळके यांनी. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडायची, ती रसायनांत धुवायची, ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीत करू लागल्या. आज काही जण त्यांना भारतातील पहिल्या संकलक म्हणतात. सबंध कंपनीचा स्वयंपाक सांभाळून त्या हे करीत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फाळक्यांच्या १९१७ मधील ‘लंकादहन’ चित्रपटात तर जोडाने मोठीच गंमत केली. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने रामाचीही भूमिका केली आणि सीतेचीही. त्या काळी स्त्रिया चित्रपटात काम करायला सहसा तयार नसत. साळुंके रामाचा पोशाख करून कॅमेऱ्यासमोर उभे राहत आणि दुसऱ्या वेळी सीतेचे लुगडे नेसून. ते तुकडे एकापुढे एक जोडले की प्रेक्षकांसमोर दोन माणसे उभी राहत.

यानंतरचा मोठा टप्पा आपल्यापासून अवघ्या तीस किलोमीटरवर, कोल्हापुरात आहे. तेथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटकांचे पडदे रंगवीत. चित्रपट पाहून त्यांना वाटले, आपणही हे करावे. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. काम अर्धे असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारची कात्री त्यावर चालली, असे सांगतात. कात्री म्हणजे आपली कैंची. संकलकाच्या हातातली कात्री वेगळी आणि सरकारच्या हातातली वेगळी, पण दोन्ही एकाच फिल्मवर चालतात.

याच कंपनीत शिकलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर, सीताराम कुलकर्णी आणि शेख फत्तेलाल हे तिचे पाच भागीदार. फत्तेलाल मूळचे जवळच्याच कागलचे. सगळे त्यांना ‘साहेबमामा’ म्हणत. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट त्यांनी कोल्हापुरातच तयार केला. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली आणि तेथे १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ झाला. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे, संकलन ए. आर. शेख यांचे. तुकोबांच्या जीवनावरचा हा चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. त्यातील तुकारामांचे वैकुंठगमन आठवा. आकाशातले विमान एका वेळी चित्रित झाले, जमिनीवरची माणसे दुसऱ्या वेळी. शेजारी शेजारी ठेवल्यावर माणसे त्या विमानाकडेच पाहत आहेत, याबद्दल कोणाला शंका येत नाही. नामावलीतले शेख यांचे नाव मात्र किती जण वाचतात?

पूर्वी हा जोड प्रत्यक्ष हातांनी होत असे. संकलकाच्या खोलीत खुंट्यांना फिल्मच्या पट्ट्या टांगलेल्या असत आणि त्यांची टोके खाली कापडी पिशवीत सोडलेली असत, म्हणजे फिल्मवर ओरखडे पडत नाहीत. संकलक पट्टी दिव्यासमोर धरून नेमके चित्र शोधी, तेथे कात्री लावी, टोकावरचा रसायनाचा थर पात्याने खरवडून काढी, त्यावर दुसऱ्या पट्टीचे टोक ठेवून खास डिंकाने चिकटवी. पुढे चिकटपट्टी आली. सूतगिरणी पाहिलेल्या मुलाला ही खोली परकी वाटली नसती. बोलपट आल्यावर काम दुप्पट झाले, कारण आवाजाची पट्टी वेगळी आणि चित्राची वेगळी. दोन्ही नेमक्या जुळाव्यात म्हणून शॉटच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर पाटी धरून तिची वरची फळी ‘टप्‌’ करून आपटतात. फळी टेकल्याचे चित्र आणि ‘टप्‌’ हा आवाज एकमेकांसमोर ठेवला की पुढचे सगळे बोलणे ओठांशी जुळते. पाटीचा हा खरा उपयोग पुष्कळांना ठाऊक नसतो. १९९० नंतरच्या काळात संगणक आला. आता काही कापावे लागत नाही. मूळ चित्रण जसेच्या तसे राहते आणि कोणता शॉट कोठून कोठपर्यंत दाखवायचा, एवढीच नोंद संगणक ठेवतो. साधने बदलली, पण जोडाचे शहाणपण तेच राहिले.

हे शहाणपण कसे असते ते स्वतः करून पाहू. समजा, आपल्याला ‘धागा’ नावाची तीन मिनिटांची चित्रफीत करायची आहे. गोष्ट एवढीच की, धागा तुटतो आणि विणकर तो जोडतो. मागाच्या समोर मोबाइल उभा करून तीन मिनिटे चित्रण केले तर काय दिसेल? माग दिसेल, माणूस दिसेल, धागा मात्र दिसणारच नाही. म्हणून आपण तुकडे करू. पहिला शॉट दुरून घ्यायचा. सगळी शेड, मागांच्या रांगा. याने आपण कोठे आहोत ते कळते. दुसरा शॉट विणकराचा, कमरेपासून वर. तिसरा अगदी जवळून, ये-जा करणारा धोटा. चौथाही जवळून, तुटलेला धागा. पाचवा विणकराचे डोळे. सहावा हात, माग थांबवणारा.

आता जोड कोठे द्यायचा? नवशिका संकलक काय करतो, विणकर हात उचलण्याआधीच शॉट कापतो आणि हात दांड्यावर पोचल्यावर दुसरा शॉट सुरू करतो. मग प्रेक्षकाला धक्का बसतो. जाणता संकलक हालचालीच्या मधोमध कापतो. पहिल्या शॉटमध्ये हात उठू लागतो, दुसऱ्या शॉटमध्ये तोच हात दांड्यावर येतो. प्रेक्षकाचे डोळे हालचालीच्या मागे धावत असतात, त्यामुळे जोड त्यांच्या लक्षात येत नाही.

दिशेचेही भान ठेवावे लागते. विणकराचा मुलगा डबा घेऊन येतो आणि दोघे समोरासमोर उभे राहून बोलतात, असे समजा. दोघांच्या मधून जमिनीवर एक रेषा मारली आहे अशी कल्पना करा. कॅमेरा नेहमी त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. तसे केले तर वडील उजवीकडे पाहताना दिसतील आणि मुलगा डावीकडे, म्हणजे ते एकमेकांकडे पाहतात. एक शॉट रेषेच्या पलीकडे जाऊन घेतला की दोघेही एकाच दिशेला पाहू लागतात आणि बापलेक रुसल्यासारखे दिसतात!

यंत्रमागाच्या शेडमध्ये चित्रण करणाऱ्याला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे खटखट. चित्रे सहा ठिकाणी तोडली तरी मागाचा आवाज मात्र तोडायचा नाही. तो एकसलग खाली वाहू द्यायचा. आवाज अखंड असला की कानाला सगळे एकाच वेळचे वाटते आणि डोळेही कानावर विश्वास ठेवतात. मग विणकर माग थांबवतो आणि त्या मागाची खटखट पडते. ती शांतता कोणत्याही संगीतापेक्षा मोठी ठरते. माझ्या मते, चांगला संकलक आधी कानाने ओळखावा.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. एक चित्र विरत जाऊन त्यातून दुसरे उगवते, तेव्हा बहुधा मध्ये काळ गेलेला असतो. चित्र काळोखात बुडते, तेव्हा प्रकरण संपलेले असते. दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवल्या की त्या एकाच वेळी घडत आहेत असे आपण मानतो. फाशीचा दोर आणि घोड्यावरून निरोप घेऊन येणारा स्वार, हा नमुना तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ठराविक पद्धतीने फार वापरल्यामुळे तो आता शिळा झाला आहे.

पण जोडाची खरी करामत याहून वेगळी आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. त्याने मोझुखिन या नटाचा एक शॉट घेतला, ज्यात चेहऱ्यावर कोणताच भाव नव्हता. तोच शॉट त्याने एकदा सूपच्या वाडग्यापुढे जोडला आणि एकदा शवपेटीपुढे. पाहणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात शोक दिसला. चेहरा तर तोच होता. मग भूक आणि शोक आले कोठून? ते दोन शॉटच्या मधल्या जागेतून आले, आणि तेथे ते प्रेक्षकानेच ठेवले होते.

तुम्ही उर्दू शाळेची मुले आहात, तुम्हाला हे चटकन कळेल. शेरात दोन मिसरे असतात. एकेक मिसरा सुटा वाचला तर साधे विधान वाटते. दोन्ही एकाखाली एक आले की एकदम तिसरीच गोष्ट मनात उजळते आणि मुशायऱ्यात ‘वाह’ निघते. ती तिसरी गोष्ट कोणत्याही मिसऱ्यात लिहिलेली नसते. त्या दोन मिसऱ्यांमधल्या नात्याला आपण ‘रब्त’ म्हणतो. संकलक शॉटमधला रब्त शोधत असतो.

‘शोले’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. १९७५ मधला हा चित्रपट माधव शिंदे यांनी संकलित केला. त्यासाठी सुमारे ३ लाख फूट चित्रण झाले आणि त्यातून सुमारे १८ हजार फूट ठेवले, असे सांगतात. तीन लाख फूट म्हणजे ९१ किलोमीटर. इचलकरंजीहून कोल्हापूरला जायचे, परत यायचे आणि पुन्हा कोल्हापूरला जायचे, एवढी फिल्म. त्यातले साडेपाच किलोमीटर ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. पनवेलजवळ चित्रित झालेल्या रेल्वेच्या दृश्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला, पडद्यावर ते काही मिनिटांत होते. इतका गाजलेला चित्रपट, पण फिल्मफेअरचे एकच पारितोषिक त्याला मिळाले, आणि ते संकलनाचे. त्यात ठाकूरच्या घरातला लहान मुलगा गब्बरसमोर उभा राहतो तो प्रसंग आठवा. गब्बर बंदूक उचलतो, गोळीचा आवाज येतो आणि पडद्यावर रेल्वेगाडी येते. मुलाला काय झाले ते दाखवलेलेच नाही. तरी चित्रपटगृहातल्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते.

आता हीच करामत आपल्यावर कशी चालते तेही पाहिले पाहिजे. आपल्या ‘धागा’ चित्रफितीत रात्रपाळीतल्या विणकराचा एक शॉट आहे. तो मागापाशी उभा आहे, डोळे जड झाले आहेत. त्यापुढे भिंतीवरचे घड्याळ जोडा, ज्यात पहाटेचे तीन वाजले आहेत. पाहणारा म्हणेल, बिचारा किती राबतो. घड्याळाऐवजी तुटलेला धागा आणि तसाच चालू असलेला माग जोडा. पाहणारा म्हणेल, कामचुकार आहे, झोपा काढतो. विणकराने दोन्ही वेळा काहीच केलेले नाही. त्याला कष्टाळू किंवा आळशी ठरवले ते जोडणाऱ्याने. बाहेरगावचा कोणी कॅमेरा घेऊन आपल्या गल्लीत आला, तर तो दुसरा शॉट कोणता निवडतो यावर आपल्या गल्लीचे नाव अवलंबून असते.

बोलण्याचेही तसेच. मुख्याध्यापक प्रार्थनेच्या वेळी म्हणाले, “सहल रद्द झाली असे कोणी सांगितले? सहल जाणारच.” यातले पहिले तीन शब्द ठेवून बाकीचे कापले की ऐकू येते, “सहल रद्द झाली.” आवाज त्यांचाच, चेहरा त्यांचाच. खोटा शब्द एकही नाही, तरी सगळेच खोटे. मोबाइलवर फिरणाऱ्या कित्येक चित्रफिती अशाच तयार होतात आणि त्यांवरून गावात भांडणे लागतात.

असा जोड ओळखता येतो का? पुष्कळदा येतो. बोलणाऱ्याचे डोके किंवा हात एकदम उडी मारल्यासारखे हलले तर तेथे मधला भाग कापलेला असतो. हुशार जोडणारा ही उडी झाकतो. बोलण्याचा आवाज चालू ठेवून तो क्षणभर भलतेच काही दाखवतो, समोर बसलेले श्रोते, टाळ्या, भिंतीवरची तसबीर, टेबलावरचा पेला. त्या पेल्याच्या आड वाक्य तोडलेले असू शकते. प्रत्येक वेळी तसे असेलच असे नाही, कारण बातम्यांत लांबलचक भाषण आटोपशीर करायलाही हीच युक्ती प्रामाणिकपणे वापरतात. म्हणून आवाजाकडे लक्ष द्यावे. वाक्याच्या शेवटी सूर खाली यायला हवा होता आणि तो वरच्यावर तुटला, मागचा पंख्याचा किंवा रस्त्याचा आवाज एकाएकी बदलला, तर सबंध चित्रफीत मागून पाहावी.

हे काम शिकायचे असेल तर त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. प्रभात कंपनी बंद पडल्यावर पुण्यातल्या तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तेथे संकलन हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. पदवीनंतर प्रवेश परीक्षा देता येते, मुलींनाही आणि मुलांनाही. ‘जाने भी दो यारो’ आणि ‘परिंदा’ या चित्रपटांच्या संकलक रेणू सलुजा तेथेच शिकल्या. साहेबमामांनी उभारलेल्या नेपथ्याच्या त्या जागेत आजही विद्यार्थी शॉटपुढे शॉट ठेवून पाहत असतात.

स्वाध्याय

१. विणकराची गाठ आणि संकलकाचा जोड यांत कोणते साम्य आहे? तुम्हाला काही फरक जाणवतो का?

२. ‘लंकादहन’मध्ये एका नटाला दोन भूमिका करणे कशामुळे शक्य झाले?

३. चित्रणाच्या आरंभी पाटी का आपटतात?

४. शेरातील दोन मिसरे आणि दोन शॉट यांची तुलना तुमच्या शब्दांत करा. तुम्हाला पाठ असलेला एखादा शेर घेऊन त्याचा अर्थ मराठीत सांगा.

५. उपक्रम : वर्गातील एका मित्राचा चेहरा मोबाइलवर दहा सेकंद चित्रित करा. त्याने हसू नये, रडू नये. त्यापुढे एकदा निकालपत्रक आणि एकदा जेवणाचा डबा जोडा. दोन्ही चित्रफिती दुसऱ्या वर्गातील मुलांना वेगवेगळ्या दाखवा आणि ती काय म्हणतात ते वहीत लिहा.